आईच्या गालावरचे वण

अक्काची पंचाहत्तरी गेल्या वर्षी झाली. राजारामपुरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये घरचीच साठ-सत्तर माणसे, पंचाहत्तर दिव्यांचे ताट, बासुंदी-पुरीचे जेवण (जेवण शाकाहारी आहे म्हणून काही कोल्हापूरकर पाहुण्यांची माफक नाराजी) असा सगळा घरगुती थाट होता. ओवाळणी आटोपल्यावर माझ्या भाचीने, म्हणजे अक्काच्या धाकट्या मुलीने, कापडात गुंडाळलेली एक फ्रेम पुढे आणली आणि कापड बाजूला केले. आत आमची आई हसत होती. अठरा इंच उंचीची, रंगीत, पापणीचा केस न् केस मोजता यावा इतकी स्वच्छ. टाळ्या पडल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आले, हे आधीच कबूल करून टाकतो.

अक्काने चष्मा पुसला, पुन्हा घातला. फ्रेमजवळ जाऊन काचेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "छान आहे गं. पण आईचे वण कुठं गेले?"

आईला लहानपणी देवी आल्या होत्या. भुदरगड तालुक्यातले तिचे माहेर, वय सात. ती वाचली, तिच्या पाठची बहीण गेली. देवींनी जाताना आईच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर खुणा ठेवल्या. आम्हा भावंडांना त्या खुणांचे काहीच वाटत नसे. आईचा चेहरा तसाच असतो, एवढेच आम्हाला ठाऊक. दुपारी तिच्याजवळ निजलो, की मी त्या खळग्यांतून बोट फिरवत असे आणि तसाच झोपी जात असे. अक्काने काचेवर जे बोट फिरवले, त्याला हीच सवय होती.

मूळ फोटोची हकिकत सांगितली पाहिजे. १९६८ च्या उन्हाळ्यात धाकट्या काकांनी आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. भारतातच बनणारा, पेटीसारखा, साधा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. त्यामुळे बटण दाबण्याआधी काका बराच विचार करीत आणि तोवर समोरच्या माणसाचे हसू वाळून जाई. आईचा हा एकच फोटो असा, की ज्यात काकांनी विचार केला नाही. अंगणात ती शेवया वाळत घालीत होती, कोणीतरी काहीतरी बोलले, ती वळून हसली आणि काकांचे बोट पडले. कडेने ऊन आहे, पदर खांद्यावरून घसरलेला आहे, फोटो जरासा हललेला आहे. नेगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराचा, सहा सेंटिमीटर चौकोनी ठसा काढलेला. काळ्या पानांच्या आल्बममध्ये चार कोपऱ्यांत अडकवलेला तो फोटो पन्नास वर्षे सुखात होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शाहूपुरीच्या सखल भागातले आमचे जुने घर छातीइतक्या पाण्यात होते. पाणी उतरल्यावर आम्ही आत गेलो तेव्हा लाकडी कपाटातला आल्बम फुगून विटेएवढा झाला होता. सुदैवाने एका जाणत्याने वेळेवर सांगितले, की ओले फोटो एकमेकांपासून ओढून काढू नका, वाळू तर मुळीच देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून सुटे होऊ द्या आणि सुती कापडावर चेहरा वर करून सुकवा. अशा रीतीने दोनशेतले सत्तरएक वाचले. नेगेटिव्हचे डबे मात्र वाहून गेले. शेवयांचा फोटो वाचला तो डाव्या कोपऱ्यात तपकिरी डाग आणि आईच्या कानावरून गेलेली एक भेग घेऊन.

तोच फोटो भाचीने मोबाईलवर घेतला आणि चेहरे सुधारून देणाऱ्या एका प्रणालीला दिला. अर्ध्या मिनिटात डाग गेला, भेग गेली, रंग आले, आणि त्याबरोबर वणही गेले. दातांची मूळची थोडी वाकडी असलेली रांगही सरळ झाली.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. मी घरी जाऊन पट्टी घेऊन बसलो. मूळ ठशात आईचा चेहरा जेमतेम सहा मिलिमीटर उंच आहे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. चांगल्या स्कॅनरवर, इंचाला १,२०० ठिपके या हिशेबाने घेतला तर चेहऱ्याच्या उंचीत सुमारे २८० ठिपके येतात. फ्रेममधला चेहरा नऊ इंच. सुबक छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, म्हणजे २,७०० हवेत. उंचीत दसपट, तशीच रुंदीतही दसपट. म्हणजे फ्रेममधल्या आईच्या शंभर ठिपक्यांपैकी एक काय तो आमच्या फोटोतला. उरलेले नव्याण्णव कुठून तरी उसने आणलेले. खात्यात शिल्लक २८० आणि चेक २,७०० चा! आमच्या काळी असा चेक परत जात असे. इथे यंत्राने विनातारण ओव्हरड्राफ्ट दिला होता, आणि कोणाच्या पैशातून दिला हे सांगितले नव्हते.

ते पैसे कोणाचे, याचा थोडा अंदाज बांधता येतो. अशी यंत्रे लाखो चेहरे पाहून 'चेहरा कसा असतो' हे शिकतात. या शिकवणीसाठी जगभर वापरला गेलेला एक संच २०१९ मध्ये आला. त्यात इंटरनेटवरून गोळा केलेले ७०,००० चेहरे आहेत. हे सगळे डिजिटल कॅमेऱ्याच्या जमान्यातले. त्यांत देवीचे वण कुठून येणार? भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात नोंदला गेला. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि १९८० मध्ये जग. माझ्या लहानपणी महाद्वार रोडवर दहा माणसे भेटली तर त्यांत एखादा वणांचा चेहरा असायचाच. आज पन्नाशीच्या आतल्या माणसाने असा चेहरा जवळून पाहिलाही नसेल. मग यंत्राने तरी तो कुठे पाहावा? त्याला गालावरचे ठिपके दिसले, त्याने ते फोटोवरची धूळ समजून झाडून टाकले.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी 'पल्स' नावाची अशीच एक प्रणाली पुढे आणली. धूसर चेहरा दिला की ती त्यापासून रेखीव चेहरा बनवी. कोणीतरी तिला बराक ओबामा यांचा मुद्दाम धूसर केलेला फोटो दिला, तर आतून एक गोरा गृहस्थ बाहेर आला. जगभर गदारोळ झाला. भुदरगडच्या एका बाईसाठी गदारोळ कोण करणार? तिच्यासाठी अक्काचे बोटच होते.

फोटो सुधारायला माझा विरोध आहे, असे कोणी समजू नये. कोल्हापुरात राहून तसा विरोध करणे म्हणजे पाण्यात राहून पोहण्याला विरोध करण्यासारखे आहे. हे गाव चित्र आणि छायाचित्र यांच्या सोयरिकीवर पोसलेले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे आते-मामे भाऊ. बाबूरावांनी पुढे आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने इथेच सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. अशा गावात फोटो स्टुडिओत रिटचिंग करणारा माणूस हा कारागीर नव्हे, कलावंत मानला जायचा.

लहानपणी मी एका स्टुडिओत असा माणूस पाहिला आहे. उत्तरेच्या खिडकीशी उतरत्या मेजावर एक दुधी काच, काचेमागून उजेड, काचेवर नेगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखे टोक काढलेली पेन्सिल. नेगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची काळी खोलगट खूण तिथे पारदर्शक दिसते. त्या जागी पेन्सिलीचे बारीक बारीक ठिपके भरायचे, आजूबाजूइतका दाटपणा आला की थांबायचे. मग छापलेल्या फोटोत खूण नाहीशी. एक ठिपका जास्त पडला की गालावर पांढरा डाग उमटे. तो माणूस श्वास रोखून काम करायचा आणि मधूनच तंबाखू मळायचा.

आमच्या आईचा असा रिटच केलेला फोटो होता. १९५१ चा, वडिलांशेजारी खुर्चीत बसलेली, मागे रंगवलेला राजवाड्याचा पडदा. गाल लोण्यासारखे गुळगुळीत. वडिलांनी स्टुडिओवाल्याला मुद्दाम सांगून ते करून घेतले होते आणि वर चार आणे जास्त दिले होते. तो फोटो आईने आयुष्यभर सोप्यात लावला. पण कोणी कौतुक केले की हसून म्हणायची, "ती ह्यांची बायको. मी न्हवं." हे ती गमतीने म्हणत होती की आत कुठे काही दुखत होते, हे विचारायचे आम्हा मुलांना कधी सुचले नाही.

हाच मुद्दा भाचीने माझ्यासमोर आणला. पंचाहत्तरीनंतर आठवड्याने ती घरी आली, ती जरा फुरंगटूनच. म्हणाली, "मामा, तुम्हाला वण आवडतात, कारण ते तुमच्या गालावर नव्हते. आजीला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? कुठल्या बाईला व्रण ठेवून फोटो हवा असतो? आजोबांनी चार आणे देऊन केलं ते प्रेम, आणि मी केलं की खोटं?"

मला पटकन उत्तर देता आले नाही. आई फोटोआधी पावडर लावायची, हे मला आठवत होते. मोठेपणी माणसे आईवडिलांच्या दारिद्र्याची, काबाडकष्टांची आणि व्रणांची हौसेने आठवण काढतात. ज्यांनी ती सोसली त्यांना ती मिरवायची नसतात. भाचीच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही.

तरीही त्या दोन फोटोंत फरक आहे, असे मला वाटते. १९५१ साली आई समोर बसलेली होती. काय चालले आहे ते तिला ठाऊक होते. नको म्हणायची मुभा तिला कितपत होती, हा प्रश्न वेगळा, पण फोटो पाहून शेरा मारायची मुभा तरी होती, आणि तिने तो आयुष्यभर मारला. पेन्सिलवाल्याला प्रत्येक वण दिसला होता. दिसला म्हणूनच त्याने तो भरला. काय झाकतो आहोत याचा हिशेब त्याच्याजवळ होता. यंत्राला वण दिसलेच नाहीत. भाचीलाही, तिच्या कबुलीप्रमाणे, ते गेल्याचे अक्का बोलेपर्यंत कळले नव्हते. तिने आजीला पाहिलेच नव्हते. झाकणे निराळे आणि काय होते याचा पत्ताच नसणे निराळे. आणि ज्यांच्याकडे अक्का नाही, त्या घरात पुढच्या पिढीची आजी कोण असेल?

आमच्या गावात फ्लेक्सच्या फलकाला 'डिजिटल' म्हणतात. "चौकात डिजिटल लागलंय" म्हटले की वाढदिवस, निवड किंवा श्रद्धांजली यांपैकी काहीतरी एक असते. या डिजिटलवर कोल्हापूरचा रांगडा माणूस एका रात्रीत काश्मिरी होतो. श्रद्धांजलीच्या फलकांची तर आणखी गंमत. एका ओळखीच्या गृहस्थांनी हयातभर सदरा-लेंगा सोडून काही घातले नाही. मेल्यावर त्यांना निळा कोट आणि टाय मिळाला. शेजारचे म्हातारे बराच वेळ फलक पाहून म्हणाले, "गेलं कोण, ते तर लिवा!" चेहऱ्याचा रंग बदलणे ही काही आपलीच खोड नाही. १९९४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर काळवंडून छापला आणि त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो होता तसा छापला. दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी लागले आणि लोकांना फरक दिसला. आपल्या चौकात शेजारी दुसरा फलक नसतो, एवढेच.

दुरुस्ती कुठवर करायची हा प्रश्न आपल्या गावाने याहून फार मोठ्या जागीही पाहिला आहे. २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचे रासायनिक संवर्धन झाले, तेव्हा मस्तकावरच्या नागाच्या आकृतीवरून केवढा वाद उठला होता, हे वाचकांना आठवत असेल. झिजलेले पुन्हा घडवायचे की आहे ते जपायचे? त्या वादात मी पडत नाही. पण रोज दर्शन घेणाऱ्यांना तपशील पाठ असतो, हे तेव्हा कळले.

असो. भाचीचा राग दोन कप चहानंतर निवळला आणि आम्ही दोघांनी तो फोटो पुन्हा करायचा ठरवला. ती संगणकातली, मी नुसता शेजारी बसून सूचना देणारा. मूळ ठसा स्कॅन करून त्याची प्रत वेगळी ठेवली, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या प्रतीवर काम. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉपची आजची आवृत्ती तिच्याकडे आहे. त्यातले 'शार्पन' म्हणजे काय, हे तिने मला समजावले. नवे काही येत नाही. जिथे काळे आणि पांढरे भेटते त्या कडेला काळे थोडे अधिक काळे, पांढरे थोडे अधिक पांढरे होते आणि आपल्या डोळ्याला रेघ ठळक वाटते. ही युक्ती संगणकाआधीची, डार्करूममधली. नेगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत तिच्यावर ठेवून छापत. म्हणून आजही त्याचे नाव 'अनशार्प मास्क'. धूसरपणातून रेखीवपणा काढायचा! सगळ्या फोटोला एकदम ती लावली तर मात्र कागदाचे दाणे, ओरखडे, सगळेच उठून येतात आणि माणसाभोवती पांढरी कड उमटते, देवाच्या तसबिरीतल्यासारखी.

म्हणून निवडक. एक थर रेखीव केलेला, एक मूळचा. मध्ये मास्कचा पडदा. पडद्यावर पांढऱ्या ब्रशने रंगवले तिथे रेखीव दिसते, काळ्याने रंगवले तिथे मूळ तसेच राहते. आम्ही डोळ्यांवरून पांढरा ब्रश फिरवला. भुवया, कुंकू, मंगळसूत्राच्या वाट्या, पदराचा काठ, हातातल्या शेवया. मागची भिंत आणि आकाश तसेच ठेवले. गालांपाशी आल्यावर भाची थांबली. गालांवर रेखीवपणा वाढवला तर वण होते त्याहून खोल दिसू लागत, तेही खोटेच. तिने गाल काळ्या ब्रशने झाकले. म्हणजे तिथे १९६८ चे ऊन जेवढे दाखवत होते तेवढेच राहिले. कोपऱ्यातला तपकिरी डाग काढला. कानावरची भेग भरायला शेजारची त्वचा थोडी उचलावी लागली. रंग भरले नाहीत. त्या साडीचा रंग अक्काच्या मते हिरवा, माझ्या मते जांभळा.

आणि फोटो लहान ठेवला. पाच इंच चौकोनी. त्यात चेहरा अर्धा इंच भरतो. मूळ शिल्लक तेवढ्याला पुरते, उधारी करावी लागत नाही. भाचीला ते जरा कद्रूपणाचे वाटले. बँकेत जन्म गेलेल्या मामाकडून दुसरी काय अपेक्षा करायची, असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

बँकेत आम्ही चेकवरची खाडाखोड पाहायला शिकलो ती १८८१ च्या कायद्याच्या आधाराने. त्यातले ८७ वे कलम सांगते, की महत्त्वाचा फेरफार संबंधितांच्या संमतीवाचून केला तर तो दस्तऐवज त्यांच्यापुरता रद्द. म्हणून जिथे फेरफार तिथे शेजारी पूर्ण सही, अशी रीत होती. पुढे कागदाऐवजी चेकची प्रतिमाच क्लिअरिंगला जाऊ लागली, तेव्हापासून तारखेखेरीज दुसरी दुरुस्ती चालतच नाही. नवा चेक लिहावा लागतो. फोटोसाठी इतके कडक नियम घरात कोणी पाळणार नाही. पण मूळ प्रत जपून ठेवणे आणि काय बदलले ते मागे लिहिणे, एवढे तरी कोणालाही जमावे. सोप्यातला १९५१ चा फोटो पुरात काचेला चिकटून बसला आहे. तो सोलायचा प्रयत्न आम्ही केला नाही, काचेवरूनच त्याची प्रत घेतली. त्याच्या मागेही लिहिले : 'गालांवर पेन्सिल. वडिलांच्या सांगण्यावरून.' अठरा इंची फ्रेम भाचीच्या घरी आहे. तिच्या मागेही आता एक चिठ्ठी आहे आणि ती तिने स्वतः लिहिली आहे.

नवा फोटो घेऊन आम्ही दोघे अक्काकडे गेलो. तिने तो खिडकीशी नेला, जवळ धरला, लांब धरला. काही बोलली नाही. अंगठा मात्र गालावरून एकदा गेला. मग फोटो उलटा करून मागचा मजकूर मोठ्याने वाचू लागली : 'डावीकडचा डाग काढला. कानावरची भेग भरली. डोळे, कुंकू, मंगळसूत्र, पदर, शेवया ठळक केल्या. गालांना हात लावलेला नाही.' खाली माझी पूर्ण सही, शेजारी भाचीची, इंग्रजीत.

"तारीख कुठाय?" अक्का म्हणाली. "इतकी वर्षं बँकेत काय केलंस रे?"

मी खिशातून पेन काढले.